ओट्याएवढा अडथळा आणि माणदेशची ललिता

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला ओटा तुमच्या कमरेला लागतो ना? त्याहून दोन-चार इंच कमी उंचीची एक जाडजूड लाकडी तुळई धावपट्टीवर आडवी ठेवली आहे, असं डोळ्यांसमोर आणा. उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. वजन ८० ते १०० किलो, ज्वारीच्या भरलेल्या पोत्यासारखं. तिला पाय लागला तरी ती हलत नाही. पडते ती धावणारी. अशा तुळईवरून तुम्हांला ३५ वेळा पलीकडे जायचं आहे. त्यांतल्या ७ वेळा पलीकडे पाण्याने भरलेला बारा फूट लांबीचा खड्डा आहे. आणि हे सगळं करायचं ते ३ किलोमीटर पळता पळता, बुटांत पाणी शिरलेलं असताना, साडेनऊ मिनिटांच्या आत!

या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी आयर्लंड-इंग्लंडकडचे लोक एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत घोडे पळवायचे. वाटेत शेतांची कुंपणं यायची, ओढे यायचे, त्यांवरून उड्या मारायच्या. पुढे घोड्यांऐवजी माणसं पळू लागली. कुंपणाच्या जागी तुळई आली, ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला.

ही शर्यत पळून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री आपल्या महाराष्ट्राची आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव आणि ललिता बाबर हे तिचं नाव. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते ऐकलं असेल, काहीजणींच्या कानांवरून गेलं असेल. पण तिने नेमकं काय केलं आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे निवांतपणे सांगावं म्हणून आज लिहायला बसले आहे.

माणदेशची मुलगी

माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, पण पूर्वेकडे माणदेशात पोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. आपल्या मराठवाड्यातल्या बायांना दुष्काळ काही समजावून सांगायला नको. पाण्याच्या खेपा आणि लांबची शाळा यांची सवय अशा मुलखातल्या मुलींना लहानपणापासूनच असते.

ललिताचा जन्म २ जून १९८९चा, शेतकरी कुटुंबातला. शाळेत असतानाच ती लांब पल्ल्याचं पळू लागली. २००५ साली पुण्याला झालेल्या वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला पहिलं सुवर्णपदक मिळालं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सोळा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीतली. घरात पाहुणे आले की चहा घेऊन पुढे करायचं वय!

पुढे ती मॅरेथॉनकडे वळली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. आमच्या वारंगा फाट्यावरून एसटीने नांदेड गाठायचं, तर साधारण एवढाच पल्ला पडतो. बसमध्ये बसूनसुद्धा आपली कंबर धरते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ललिता भारतीय महिलांमध्ये पहिली आली.

इथपर्यंतची गोष्टसुद्धा कौतुकाचीच आहे. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, झालं की आपलं! दरवर्षी जानेवारीत मुंबईला जावं, बक्षीस घ्यावं, रेल्वेतली नोकरी सांभाळावी. पण ललिताला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक हवं होतं. म्हणून २०१४च्या मुंबई मॅरेथॉननंतर, वयाच्या पंचविशीत तिने नवा खेळ धरला. तोच हा स्टीपलचेस.

दोन विद्या एका अंगात

हा बदल केवढा मोठा होता ते नीट समजून घेऊ या. मॅरेथॉनमध्ये एकच लय धरून तासन्तास चालायचं असतं. पाऊल जमिनीजवळ ठेवायचं, शक्ती जपून वापरायची. स्टीपलचेसमध्ये ती लय दर काही सेकंदांनी मोडते. ललिताच्या सर्वांत वेगवान शर्यतीचा हिशोब केला तर दर १६ सेकंदांना एक अडथळा येतो. तुळई जवळ आली की पावलं मोजायची, वेग ढळू न देता झेप घ्यायची, पलीकडे उतरल्या उतरल्या पुन्हा पहिल्या लयीत यायचं.

पाण्याच्या खड्ड्याची रीत आणखी वेगळी. तिथे धावणाऱ्या बहुतेकजणी तुळईवर एक पाय टेकवतात आणि त्या पायाने जोरात रेटा देऊन पुढे झेपावतात. खड्डा तुळईजवळ खोल आणि पुढे पुढे उथळ होत गेलेला असतो. जितकी लांब उडी, तितकं पाणी कमी. थकलेली धावपटू जवळच पडते, गुडघ्यापर्यंत भिजते, आणि ते ओझं घेऊन पुढचा फेरा पळते. शेवटच्या दोन फेऱ्यांत पायांत गोळे आलेले असतात आणि ती अडीच फुटांची तुळई पुरुषभर वाटू लागते.

म्हणजे या खेळाला दोन वेगळ्या विद्या लागतात. एक दमाची, दुसरी झेपेची. दम वाढवणारा व्यायाम वेगळा, झेप वाढवणारा वेगळा. एकाचा अतिरेक केला की दुसरी विद्या मागे पडते. दोन्ही एका अंगात वसवायच्या म्हणजे तारेवरची कसरत. निकोलाय स्नेसारेव्ह हे बेलारूसचे प्रशिक्षक भारतीय संघाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना तयार करत होते. त्यांच्या हाताखाली ललिता शिकली. माणूस शिस्तीला फार कडक. मार्च २०२१मध्ये पतियाळाला, आपल्या कामाच्या जागीच त्यांचं निधन झालं.

आता फळ बघा. जानेवारी २०१४मध्ये मॅरेथॉन पळालेली ही मुलगी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातल्या इंचेऑनला आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं कांस्यपदक घेऊन आली. वेळ ९ मिनिटे ३५.३७ सेकंद. सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम तिने मोडला होता. त्या दिवशी एक चमत्कारिक प्रकारही झाला. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेटला पंचांनी आधी बाद ठरवलं आणि ललिताचं पदक रुपेरी झालं. मग निर्णय फिरला आणि ते पुन्हा कांस्य झालं. हाती आलेलं रुपं असं निसटलं म्हणजे मन खट्टू होणारच. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. जून २०१५मध्ये चीनमधल्या वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ललिताने थेट सुवर्णपदक पटकावलं, ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांत.

आणि गंमत अशी, की स्टीपलचेस धरल्यावर तिने मॅरेथॉन टाकली नव्हती. त्याच २०१५च्या जानेवारीत ती मुंबईला २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत धावली होती. एका वर्षात दमाचा खेळही साधला आणि झेपेचाही!

दार कधी उघडलं?

इथे थोडं थांबते, कारण मला जे सांगायचं आहे त्याची मेख इथेच आहे.

पुरुषांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये १९०० सालापासून आहे. बायकांची कधी सुरू झाली असेल? २००८ साली! मधे तब्बल १०८ वर्षं गेली. त्याआधी २००५ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत ती प्रथम घेतली गेली आणि युगांडाची डॉर्कस इन्झिकुरू पहिली जगज्जेती झाली. आशियाई स्पर्धेत बायकांची स्टीपलचेस आली २०१०मध्ये, आणि पहिलंच सुवर्णपदक आपल्या सुधा सिंगने, रायबरेलीच्या मुलीने आणलं.

इतकी वर्षं दार बंद का होतं? कारण एकच सांगितलं जाई, की बायकांच्या शरीराला हे झेपणार नाही. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून बसल्या. लगेच ओरड झाली की हे बायकांचं काम नव्हे, आणि ती शर्यत काढून टाकली ती थेट १९६०पर्यंत. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून लोळतात. त्यांच्या शर्यती मात्र कोणी बंद केल्या नाहीत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आज कोण असं करतं? तर ऐका. थंड मुलखात बर्फावरचा एक खेळ आहे, नॉर्डिक कम्बाइंड नावाचा. नॉर्वे-स्वीडनकडच्या देशांचा, म्हणून नॉर्डिक. आणि दोन खेळ एकत्र, म्हणून कम्बाइंड. पायाला लांब पट्ट्या बांधून आधी उंच उतरणीवरून घसरत येऊन हवेत झेप घ्यायची. मोठमोठे खेळाडू शंभर मीटरहूनही लांब तरंगत जातात. मग त्याच दिवशी दुसऱ्या पट्ट्या बांधून बर्फातून कित्येक किलोमीटरची शर्यत पळायची. ज्याची झेप चांगली तो शर्यतीत आधी सुटतो, बाकीचे गुणांच्या फरकाप्रमाणे काही सेकंदांनी मागून निघतात. सर्वांत पुढे जो पोचेल तो जिंकला. इथेही तीच दम आणि झेप यांची जोडी. आपल्या स्टीपलचेसची बर्फातली थोरली बहीणच म्हणा ना!

हा खेळ १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे, तो फक्त पुरुषांसाठी. बायका तो खेळतात; २०२०च्या डिसेंबरात त्यांची विश्वचषक मालिका सुरू झाली. २०२१ साली जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि नॉर्वेची युडा वेस्टवोल्ड हान्सेन जगज्जेती ठरली. तिच्या मागच्या दोघीही नॉर्वेच्याच. एवढं होऊनही, इटलीतल्या २०२६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी हा खेळ पुरुषांपुरताच ठेवायचं जून २०२२मध्ये ठरलं. कारण काय दिलं? फार थोड्या देशांच्या खेळाडू जिंकतात आणि प्रेक्षक कमी आहेत. अहो, दारच उघडलं नाही तर दुसऱ्या देशांच्या मुली येणार कुठून? आधी पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, हिला पोहता येत नाही!

म्हणून म्हणते, ललिताच्या यशात तिच्या पायांचा वाटा आहेच, पण दार वेळेवर उघडलं याचाही आहे. ती वीस वर्षं आधी जन्मली असती तर तिच्यात हीच ताकद असून तिचं नाव कोणाला कळलं नसतं. अशा किती ललिता दाराबाहेरच राहिल्या, त्याचा हिशोब कोण ठेवणार?

रिओचा पंधरा ऑगस्ट

ऑगस्ट २०१५मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ललिताने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. तिथे ती आठवी आली. पुढच्या वर्षी, २०१६ साली, अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. एप्रिल २०१६मध्ये दिल्लीला तिने तो विक्रम आणखी खाली आणला, ९ मिनिटे २७.०९ सेकंदांवर.

मग आलं रिओ दि जानेरोचं ऑलिंपिक. १३ ऑगस्ट २०१६ला प्राथमिक फेरी झाली. नियम असा की प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी थेट अंतिम फेरीत जाणार, आणि उरलेल्यांतल्या सहा सर्वांत वेगवान मुलींना जागा मिळणार. ललिता आपल्या गटात चौथी आली. पण तिची वेळ होती ९ मिनिटे १९.७६ सेकंद! चार महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या विक्रमाहून सात सेकंदांपेक्षा जास्त कमी. दोन वर्षांपूर्वीच्या इंचेऑनशी ताडून पाहिलं तर साडेपंधरा सेकंदांची कमाई. आपल्याला सात सेकंद म्हणजे फोडणीत मोहरी तडतडेपर्यंतचा वेळ. धावपट्टीवर सात सेकंद म्हणजे चाळीस मीटरची आघाडी.

ललिता अंतिम फेरीत पोचली. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली होती आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचं कांस्यपदक हुकलं होतं. त्यानंतर ३२ वर्षं एकही भारतीय धावपटू ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचला नव्हता, ना बाई ना पुरुष. उषाची शर्यतही अडथळ्यांचीच होती, हा योगायोग बघा.

अंतिम शर्यत होती १५ ऑगस्टला. रिओला दिवस होता, आपल्याकडे संध्याकाळ. सकाळी झेंडावंदन झालेलं होतं आणि संध्याकाळी एक मराठी मुलगी जगातल्या निवडक धावपटूंबरोबर सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. शर्यत रूथ जेबेटने जिंकली, ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत. इंचेऑनला ललिताच्या पुढे होती तीच ही. ललिता ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहावी आली.

दहावी! आपल्याकडे दहावा नंबर म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे. मुलगी वर्गात दहावी आली तर आपण विचारतो, पहिल्या नऊजणी कोण? पण जगातली दहावी म्हणजे काय याचा विचार करा. तिचा तो राष्ट्रीय विक्रम पुढे सात वर्षं टिकला. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला मेरठच्या पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. सुधा, मग ललिता, मग पारुल. एकीने उघडलेल्या दारातून दुसरी जाते आणि ते आणखी थोडं उघडते.

आपल्या मराठवाड्यानेही या शर्यतीला मोहरा दिला आहे, हेही सांगते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. घरची अगदी बेताची परिस्थिती, लहानपणी शाळेला पायपीट, पुढे सैन्यात भरती, सियाचीनच्या बर्फात नेमणूक, आणि मग स्टीपलचेस. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांश भागाने हुकलं. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मात्र त्याने सोनं आणलं. दोन्ही दुष्काळी मुलखांतली मुलं, आणि दोघांनीही पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारून नाव काढलं!

मैदान सुटल्यावर

२०१७ साली ललिताचं लग्न झालं. त्यानंतर ती मोठ्या स्पर्धांत दिसली नाही. आपल्याकडे अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं, 'लग्न झालं आणि संपलं.' पण तिचं संपलं नाही. खेळातल्या कामगिरीबद्दल महाराष्ट्र शासनाने तिला प्रशासकीय सेवेत घेतलं. उपजिल्हाधिकारी पदाचं प्रशिक्षण घेताना तिने रायगड जिल्ह्यातल्या माणगावला तहसीलदार म्हणून काम पाहिलं. म्हणजे सातबारा, दाखले, पंचनामे, पुराच्या दिवसांतली धावपळ. ही शर्यत वेगळी, अडथळेही वेगळे. पण ज्या मुलीने ३५ तुळया ओलांडायची सवय लावून घेतली, तिला कागदांच्या गठ्ठ्याची काय भीती?

'मुलीच्या जातीला पळून काय मिळणार?' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर जरूर सांगा. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पदक सगळ्यांना मिळेल असं नाही. पण मैदानावर कमावलेली छाती, जिद्द आणि हरल्यावर पुन्हा उभं राहण्याची ताकद जन्मभर पुरते.

आपल्या घरातली तुळई

मी अर्धवेळ शिकवते, तेव्हा एक गोष्ट वर्षानुवर्षं बघते आहे. पाचवी-सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने पळतात, कधी पुढेही जातात. सातवी-आठवी आली की एकेक मुलगी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहते. पोटात दुखतं म्हणते, ओढणी सावरते, बुटाचा बंद सुटला म्हणते. नववीत तर खेळाच्या तासाला मुलींचं काम म्हणजे मुलांच्या दप्तरांवर लक्ष ठेवणं! आणि तोच तास गणिताला दिला तर एकही आई तक्रार करत नाही. एका शाळेत तर मुलींना सांगितलं गेलं, की तुम्ही वर्गातच बसा, बाहेर ऊन आहे. ऊन मुलांना नव्हतं वाटतं!

ही आपल्या घरातली आणि शाळेतली तुळई. हीदेखील पाय लागला म्हणून पडत नाही. उचलून बाजूला ठेवावी लागते. आणि ते आपल्या हातात आहे. काय करता येईल, थोडक्यात सांगते.

पहिलं, पाळी. पाळी आली म्हणजे पळणं बंद, हा समज काढून टाका. त्रास होत नसेल तर त्या दिवसांतही खेळायला हरकत नाही; हलक्या व्यायामाने उलट पुष्कळजणींचं दुखणं कमी होतं. मात्र जास्त सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आलीच नाही, तर ते अंगावर काढू नका. खाणं कमी पडतं आहे याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, रक्त. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५७जणींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी दोन फेऱ्यांत दमते आणि आपण म्हणतो, हिला आवडच नाही! वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. पालेभाजी, डाळी, तीळ, हळीव, बाजरी हे सगळं आपल्याच घरातलं आहे. भाजी-वरणावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा देऊ नका. तास-दीड तासाचं अंतर ठेवा. लोखंडी कढई अडगळीत टाकली असेल तर ती घासून पुन्हा काढा.

तिसरं, कपडे आणि बूट. मुलाला बूट घेताना आपण दुकानात दहा जोड बघतो आणि मुलीला म्हणतो, चपलेवर पळ. महागडे नकोत, पण पायाला बरोबर बसणारे बूट तिलाही हवेत. वाढत्या वयात खेळताना घालायची व्यवस्थित बसणारी अंतर्वस्त्रं घेऊन द्या. अर्ध्या मुली केवळ संकोचाने मैदान सोडतात, आणि हे वडिलांना सांगता येत नाही. ते आईनेच ओळखायचं.

चौथं, वेळ. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घामाचा खेळ खेळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास कुठून आणायचा? संध्याकाळी मुलगा खेळायला जातो तेव्हा मुलगी भाजी निवडत असते, तोच तास. भाजी दोघांनी मिळून आधी निवडावी आणि मग दोघांनी खेळायला जावं.

पाचवं, चौकशी. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा, यंदा मुलींची नावं कोणत्या खेळांत दिली? प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा क्रीडा अधिकारी असतात, त्यांच्याकडे माहिती मिळते. मुलीला एकटीला पाठवायची काळजी वाटते, हे मान्य. आमचं फाट्याचं गाव, नांदेड-हिंगोलीच्या गाड्यांची वर्दळ, खिचडी खायला थांबणाऱ्या प्रवाशांची गर्दी, ट्रकांचे भोंगे. इथे कोण मुलीला पहाटे रस्त्यावर पळायला सोडेल? पण चार घरच्या चार मुली एकत्र करता येतात. दोन आया आळीपाळीने मैदानावर जाऊन बसू शकतात. आणि नुसतं बसायचं कशाला? मोठ्यांनीही आठवड्याला निदान दीडशे मिनिटं झपझप चालावं असं सांगतात. मुली पळतील, तुम्ही चाला. मधुमेह आणि रक्तदाब दारात उभे असतात, त्यांनाही जरा लांब ठेवता येईल.

सासूबाई काही बोलल्या तर? बोलतील. पण त्यांनाही हाताला धरून एकदा न्या. ज्या बाईने डोक्यावर दोन आणि कडेवर एक अशी पाण्याची भांडी घेऊन बांध ओलांडले, तिला दम आणि झेप म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

सगळ्या मुली ललिता होणार नाहीत, आणि व्हायलाही नको. पण मोहीसारख्या पाण्याला महाग झालेल्या गावातली एक मुलगी, पंचविशीत नवा खेळ शिकून, दोन वर्षांत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभी राहू शकते, एवढं आपल्या मुलींना ठाऊक असलं पाहिजे. या आठवड्यात एक काम करा. शाळेच्या वेळापत्रकात मुलीचा खेळाचा तास कोणत्या वारी आहे ते बघा, आणि त्या दिवशी संध्याकाळी 'आज काय शिकवलं?' या प्रश्नाच्या आधी तिला विचारा, 'आज किती पळालीस?'